झोप नाय

"ह्याचा नंबर काढून काय करायचंय ताई, हा काय वाचणार आहे?" चष्मेवाला हसत हसत बोलला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रणित शेजारीच स्टुलावर बसलेला. सव्वीस वर्षांचा माणूस, इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून समोर बसलाय, आणि चष्मेवाल्याचं सगळं बोलणं माझ्याशी. मी बोलले, तो वाचणार नाही, पण ऐकतोय, आणि कोण काय लायकीचं आहे ते त्याला बरोबर समजतं. मग प्रणितचा हात धरून बाहेर पडले. दुकानाचं दार जोरात आपटलं, ते मुद्दाम.

मी माधवी. ठाण्याच्या बाळकुमची. हे टॉवर उभे राहिले त्याच्या कितीतरी आधीपासून आमचं कोळ्यांचं घर इथं आहे. वागळे इस्टेटला एका कारखान्यात बाटल्यांची झाकणं तपासायचं काम करते, चौदा वर्षं झाली. माझं डोकं गरम आहे हे घरात, कारखान्यात, रिक्षा स्टँडवर सगळ्यांना माहीत आहे. लग्न झालं नाही त्याचं कारणही लोक तेच सांगतात. सांगू देत, मला काय फरक पडतो.

प्रणित माझा भाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याला डाउन सिंड्रोम आहे. तो जन्मला तेव्हा दवाखान्यात बाबांना सांगितलेलं की ह्याच्याकडून फार आशा ठेवू नका. बाबांनी मान हलवली, घरी आले आणि पोराला खांद्यावर घेऊन खाडीवर फिरवून आणलं. बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली.

आई, म्हणजे आवडाबाई, सकाळी नाक्यावर मासळी विकायला बसते. बारीक मासळी आमच्यात वाट्यावर जाते, ती कुणी वजन करून देत नाही. कोलंबी, करंदी, बोंबील, ज्याचे त्याचे ढीग लावायचे. ते सगळे सारखे दिसावे लागतात, नाहीतर गिऱ्हाईक बोट दाखवून भांडतं. सोळा वर्षांचा असल्यापासून हे वाटे प्रणित लावायचा. दहा वाटे लावले तर दहाही सारखे, फरक पडला तर एखाद्या कोलंबीचा. टॉवरमधल्या बायका आईला सांगायच्या, मावशी, प्रणितनं लावलेला वाटा द्या. तेव्हा तो छाती पुढे काढून स्वतः पिशवीत भरून द्यायचा.

दोनेक वर्षांपूर्वी त्याचे वाटे बिघडायला लागले. एक मोठा, एक बारका. मोठ्या कोलंबीत बारकी करंदी मिसळायची. नाक पार टोपलीत घालून बसायचा, आणि मध्येच दोन्ही मुठी डोळ्यांवर नेऊन खसाखसा चोळायचा. आता आमच्या घरातली गोष्ट सांगायला हवी. प्रणितला बोलायला उशिरा आलं, आणि आलं तेही थोडंच. लहानपणी तो डोळे चोळायला लागला की आई म्हणायची, झोप आली माझ्या राजाला, आणि त्याला निजवायची. तेव्हापासून घरात ती खूणच पडून गेली. प्रणितनं डोळे चोळले की प्रणितला झोप आली. शेजाऱ्यापाजाऱ्यांना, नाक्यावरच्या मासळीवाल्यांना, सगळ्यांना ही खूण पाठ.

म्हणून तो नाक्यावर डोळे चोळायला लागला की आई त्याला कुणाबरोबर तरी घरी पाठवायची, निजवा म्हणून. तो यायचा पाय आपटत, कुरकुरत, "झोप नाय, झोप नाय" करत. आम्ही हसायचो. लहान पोरासारखं करतो म्हणायचो. घरी आला की पालथा पडायचा, मूठ डोळ्याखाली दाबून, आणि असा घोरायचा की पलीकडच्या खोलीत ऐकू यायचं. म्हणजे झोपच आली होती, असं आम्हीच ठरवून टाकायचो. पुढं पुढं आईनं त्याला नाक्यावर न्यायचंच बंद केलं. सगळे बोलायला लागले की प्रणित आळशी झाला. मी पण बोलले. सोडत नाही मी स्वतःला त्यातून.

मग एका रविवारी काय झालं, मी शेजारणीशी कचाकचा भांडून घरात आले. माझं तोंड तसं असलं की प्रणित लांबूनच ओळखायचा, न विचारता पाण्याचा तांब्या आणून द्यायचा. त्या दिवशी तो उठून माझ्यापाशी आला, माझी हनुवटी धरली, माझं तोंड स्वतःच्या नाकाजवळ नेलं, जरा इकडे, जरा तिकडे वळवलं आणि विचारलं, "ताय, राग?" त्याला माझा चेहरा दिसत नव्हता.

त्याच दिवशी त्याला चष्मेवाल्याकडे नेला, तिथलं मघाशी सांगितलंच. दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि आईला, प्रणितला घेऊन ठाण्यात डोळ्यांच्या मोठ्या हॉस्पिटलात गेले. तिथं क्षिप्रा नावाची डॉक्टर भेटली. डोंबिवलीची, माझ्याहून लहान, बोलायला शांत. ती आधी प्रणितशी बोलली, मग आमच्याशी. तिथंच मला ती आवडली. अक्षरांच्या तक्त्याऐवजी तिनं त्याच्या हातात चित्रांचा पुठ्ठा दिला आणि समोर जे दिसेल ते ह्याच्यावर दाखव म्हणाली. उजव्या डोळ्यानं त्यानं निम्मी चित्रं दाखवली. डाव्या डोळ्यानं पहिलं सोडून एकही नाही. मग मशीनवर हनुवटी ठेवायची होती. तो दोनदा मागे सरला, तिसऱ्यांदा तिनं स्वतःची हनुवटी ठेवून दाखवली, तेव्हा त्यानं ठेवली.

पडद्यावर त्याच्या डोळ्यांचा रंगीत नकाशा आला. उजव्यात पिवळा, नारंगी. डाव्यात मधोमध लालभडक. डॉक्टर म्हणाली, ह्याला केराटोकोनस म्हणतात. बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो तो पातळ होत जातो आणि पुढे टोक काढतो. मग समोरचं सगळं वाकडं, पुसट, एकाचं दोन दिसतं. साध्या चष्म्यानं फार भागत नाही. डाव्या डोळ्यात व्रण पडलाय. उजवा अजून वाचवता येईल, पण तो वेगानं बिघडतोय.

मग तिनं विचारायला सुरुवात केली, आणि मी प्रत्येकाला हो म्हणत गेले. अंगाला, डोळ्यांना खाज येते का? येते. शिंका, सर्दी? बारा महिने, त्यात आमच्या ओट्यावर सुकट वाळत असते आणि समोर टॉवरची खोदाई. पालथा झोपतो? हो. घोरतो? विचारू नका. घरात अजून कुणाला असं? माहीत नाही, कुणी तपासलंच नाही. ती म्हणाली की डाउन सिंड्रोम असलेल्यांत हा आजार इतरांपेक्षा बराच जास्त दिसतो, आणि डोळे चोळणं तर सगळ्यात वाईट. नक्की कशामुळे झालं हे छातीवर हात ठेवून कुणी सांगू शकत नाही, पण ह्या गोष्टी एकत्र सापडतात. असे पेशंट सांगत नाहीत, म्हणून उशिरा येतात. बहीण म्हणून मी पण एकदा तपासून घ्यावं, असंही बोलली. मी म्हटलं माझं नंतर बघू.

शेवटी तिनं आईला विचारलं, "चोळताना तो काही बोलतो का?"

आई जराशी हसली. "काय बोलनार. 'झोप नाय' बोलतो. निजायला नको असतं ना त्याला."

मी आईकडे बघितलं. आईचं हसू तोंडावरच राहिलं आणि हळूहळू विरून गेलं. दोन वर्षं तो आम्हाला सांगत होता की मला झोप आलेली नाही. त्याच्याकडे जेवढे शब्द होते तेवढ्यात, जितकं स्पष्ट सांगता येईल तितकं सांगत होता. आणि आम्ही त्याला पांघरूण घालत होतो.

त्यानंतर आई दोन दिवस धंद्याला बसली नाही.

उपाय होता. डोळ्यात औषधाचे थेंब सोडतात, वरून विशिष्ट प्रकाश टाकतात, त्यानं तो पडदा घट्ट होतो आणि आजार तिथंच थांबतो. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची. प्रणित इतका वेळ स्थिर राहणार नाही म्हणून त्याला पूर्ण भूल द्यावी लागणार होती. ठरवायचं होतं मोठ्या डॉक्टरांनी. ते साठीचे, माणूस वाईट नाही, पण घाईत. त्यांनी कागद बघितले आणि सहा महिन्यांनी या म्हणाले. का, तर नंतर डोळ्यावर काही दिवस पट्टीसारखी लेन्स असते, त्यावर ह्यानं मूठ फिरवली तर जंतू शिरतील आणि आहे तेही जाईल. असं झालेलं त्यांनी पाहिलं होतं. क्षिप्रा डॉक्टर हळू आवाजात बोलली की सहा महिन्यांत पडदा इतका पातळ होईल की मग हे करताच येणार नाही.

मोठे डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, व्यवहारानं विचार करा. ह्याला असं बारीक काय बघायचं असतं?"

मी खुर्ची पुढे ओढली. "तोंडं बघायची असतात. त्याला शब्द थोडे येतात, साहेब. समोरचं माणूस हसतंय की चिडलंय, आपलं आहे की हाकलून देणार आहे, हे तो तोंड बघून ओळखतो. तुम्ही पेपर वाचता तसा तो माणसं वाचतो. ते पण काढून घेतलंत तर त्याच्याकडे राहिलं काय?"

बाहेर रांग होती, शिपाई दारातून डोकावत होता, मी उठले नाही. डॉक्टरांनी कागद परत पुढे ओढले. मग म्हणाले, एक महिना देतो. तोवर हृदयाच्या, रक्ताच्या तपासण्या करून घ्या. महिनाभर ह्यानं डोळे चोळता कामा नयेत. जमलं तर बघू. मी बोलले जमेल. कसं जमणार ते मलाही माहीत नव्हतं.

सुकट ओट्यावरून हलवली, पलीकडच्या आळीतल्या रंगूबाईच्या अंगणात नेली. उशी बदलली, चादरी उकळल्या. खाजेचे थेंब दिवसातून दोनदा. पालथा वळला की सरळ करायचं. रविवारी काळुरामकाका आले, बाबांचे धाकटे भाऊ, डोंबिवलीला नवीन फ्लॅटमध्ये राहतात आणि महिन्यातून एकदा येऊन आम्हाला अक्कल देऊन जातात. म्हणाले, कशाला पोराच्या जिवाशी खेळता, भूल चढली आणि उतरलीच नाही तर, देवानं दिलंय तसं राहू दे, त्याला कुठं ऑफिसला जायचंय. आई मान खाली घालून ऐकत होती. मी विचारलं, काका, मागच्या दिवाळीत तुमचा मोतीबिंदू काढला तेव्हा तुम्ही रिटायर होऊन किती वर्षं झालेली? कुठल्या ऑफिसला निघालेलात? काका चहा न घेता गेले. आई मला बोलली, मोठ्यांशी असं बोलू नये. मी बोलले, मोठ्यांनी पण.

दहाव्या दिवशी मी कामावरून घरी आले तर प्रणित खाटेवर उताणा, आणि त्याचे दोन्ही हात आईनं जुन्या लुगड्याच्या पट्टीनं खाटेच्या दांड्याला बांधलेले. तो धडपडत नव्हता, रडत नव्हता. छताकडे बघत पडलेला. मी जे ओरडले ते मला आठवतही नाही, शेजारी धावत आले एवढं आठवतं. आई भिंतीला टेकून उभी. "मंग काय करू मी?" ती बोलली. "दोन वर्सं मीच निजवला त्याला. मीच चोलू दिला. आता एक महिना तरी मला राखू दे." आणि मटकन खाली बसून रडायला लागली. तिच्यावर राग काढायला आलेली मी, मला तिच्याकडे बघवेना.

गाठी सोडल्या. मनगटावर वळ उठलेले. मग मी त्याच्यासमोर बसले आणि माझ्या लक्षात आलं की हॉस्पिटलातून आल्यापासून आम्ही सगळ्यांशी बोललो, त्याच्याशीच नाही. त्याला फक्त हात खाली, हात खाली करत राहिलो. मी त्याला सगळं सांगितलं, जसं आहे तसं. ह्या उजव्या डोळ्यावरचा पडदा पातळ झालाय. चोळलास की अजून पातळ होतो. डॉक्टर तो पक्का करणार आहेत, पण तू चोळत राहिलास तर नाही करणार. हा डावा डोळा डॉक्टरला उशिरा दाखवला, चूक आमची होती, तुला झोप आलेली नव्हती.

तो माझ्या आवाजाच्या दिशेनं वळला. मग विचारलं, "आई दिसंल?"

"ह्या डोळ्यानं दिसंल."

त्यानं विचार केला. मग दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसला. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, त्याचं त्यानं काढलं. त्या दिवसापासून खाज आली की हात मांडीखाली आणि "खाज" म्हणून मोठ्यानं आरोळी. मग जो जवळ असेल त्यानं माठातल्या पाण्यात कपडा पिळून त्याच्या डोळ्यांवर ठेवायचा. आई हातातलं टाकून धावायची. दोनदा चुकला, एकदा झोपेत आणि एकदा शिंकांच्या भरात. दोन्ही वेळा त्यानंच येऊन कबूल केलं. वीस दिवसांत दोनदा. माझा राग मला वीस मिनिटं आवरत नाही.

महिना संपला, आम्ही गेलो. मोठ्या डॉक्टरांनी त्याचे डोळे तपासले, लाली उतरलीय म्हणाले, पापण्या बऱ्या दिसतात म्हणाले. हृदयाचा रिपोर्ट चांगला होता. मला वाटलं जिंकलो. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघून बोलायला लागले. तुम्ही घरच्यांनी फार मेहनत घेतलीत, पण घरी राखणं वेगळं आणि ऑपरेशननंतरची टोचणी वेगळी. मुळात आपल्याला काय करायला सांगितलंय हे ह्याला समजत नाही. तुम्ही सांगता म्हणून करतो, तुम्ही नसाल तेव्हा काय? मला हा धोका घेता येणार नाही.

मी रात्रंदिवस भांडणाची तयारी करून गेलेले. काय काय बोलायचं ते पाठ होतं. आणि ऐन वेळी सगळं विसरले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडातून शब्द फुटेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि एवढ्या माणसांसमोर रडतेय ह्याची चीड आली. मी दोन्ही मुठींनी डोळे पुसायला लागले, जोरात, खसाखसा.

माझे हुंदके ऐकून प्रणित तपासायच्या खुर्चीवरून खाली उतरला. त्याच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घातलेले, त्यामुळे होतं तेही दिसत नव्हतं. टेबलाची कड चाचपत आला, माझी दोन्ही मनगटं शोधली आणि धरली. घट्ट. खाली ओढली.

"चोलू नको, ताय," तो बोलला. "डोला जाईल. मंग आई नाय दिसाची."

मी हात सोडवायला बघितलं, त्यानं सोडले नाहीत. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा परत घातला. त्यांनी खुर्ची फिरवली, माझ्याकडून त्याच्याकडे, आणि म्हणाले, "प्रणित, पुढच्या गुरुवारी तुझा डोळा पक्का करू या. येशील?"

प्रणितनं त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही. "आधी हिला थंड कपडा द्या," तो बोलला.

क्षिप्रा डॉक्टर उठायला लागली. मोठ्या डॉक्टरांनी तिला हातानं थांबवलं आणि बेसिनकडे ते स्वतः गेले.